पार्ट-६६ची मॉड्यूल्स: आधी नोट्स की आधी क्वेश्चन बँक?

पार्ट-६६ म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरच्या युरोपियन लायसन्सचे नियम. त्याची मॉड्यूल्स, म्हणजे विषयवार पेपर, द्यायची ठरवली की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी हातात येतात. एक म्हणजे सिलॅबसप्रमाणे लिहिलेल्या जाडजूड नोट्स, आणि दुसरी मागच्या बॅचकडून आलेली क्वेश्चन बँक. शिफ्ट सांभाळून अभ्यास करणाऱ्याला वेळ मोजकाच मिळतो. मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितोय.

परीक्षेत प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नाला तीन पर्याय असतात, सरासरी ७५ सेकंद मिळतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. गॅस टर्बाइन इंजिनचं पंधरावं मॉड्यूल बी-वनला (इंजिन आणि यांत्रिक कामांच्या लायसन्स कॅटेगरीला) ९२ प्रश्नांचं, म्हणजे ११५ मिनिटांत किमान ६९ उत्तरं बरोबर हवीत. नापास झालात तर तेच मॉड्यूल पुन्हा द्यायला सहसा ९० दिवस थांबावं लागतं. एका चुकीच्या पद्धतीपायी तीन महिने जातात ते असे.

क्वेश्चन बँकेचा उपयोग खराच आहे. प्रश्न कसा फिरवतात ते कळतं, हाताला वेग येतो आणि आपलं कच्चं कुठे आहे ते तासाभरात समजतं. पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवली की काय होतं, ते मी सातव्या, म्हणजे देखभालीच्या पद्धतींच्या, मॉड्यूलला अनुभवलं. टॉर्क रेंचला (नट ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याला) एक्स्टेन्शन लावलं की सेटिंग कमी करायचं, एवढं मला पाठ होतं. ३० सेंटीमीटरच्या रेंचला सरळ रेषेत १५ सेंटीमीटरचं एक्स्टेन्शन लावलं आणि नटला ६० न्यूटन मीटर हवे असतील, तर रेंच ४० वर लावायचा. पेपरात एक्स्टेन्शन रेंचला काटकोनात दिलं होतं. तिथे सेटिंग बदलतच नाही, आणि मी पाठ केलेला कमी आकडा निवडून मोकळा झालो. त्या दोन आकृत्या एकदा स्वतःच्या हाताने काढल्या असत्या, तर ही चूक झालीच नसती.

दुसरा धोका जुन्या बँकांचा. दहावं मॉड्यूल कायद्याचं, तिथे पाठांतर बऱ्यापैकी चालतं, पण पाठ केलेलं आजचं हवं. पार्ट-कॅमो, म्हणजे विमान उड्डाणयोग्य ठेवण्याचं व्यवस्थापन करणाऱ्या संस्थांचे नियम, २०२० पासून लागू झाला. त्याआधीच्या संचांत या विषयाची उत्तरं पार्ट-एम या नियमावलीच्या सबपार्ट जी या जुन्या भागावर बेतलेली सापडतात. शिवाय या बँका बहुतेकदा विद्यार्थ्यांनीच जमवलेल्या असतात, त्यामुळे खूण केलेलं उत्तर चुकीचंही निघतं. ते चुकीचं आहे हे ओळखायला शेवटी नोट्सच लागतात.

नोट्सचा तोटा एकच, पण मोठा: त्या संपत नाहीत. त्यावर उपाय सिलॅबसमध्येच आहे. प्रत्येक विषयापुढे आपल्या कॅटेगरीसाठी १, २ किंवा ३ अशी लेव्हल दिलेली असते. लेव्हल १ला नुसती ओळख पुरते. लेव्हल ३ला मात्र ती सिस्टीम का आणि कशी चालते, बिघाड कुठून शोधायचा, हे सांगता आलं पाहिजे. हे न बघता पहिल्या पानापासून सगळं सारख्याच खोलीने वाचणारे मध्येच दमतात.

हँगरमध्ये काही वर्षं काढली असतील, तर सहावं (मटेरियल्स आणि हार्डवेअर), सातवं आणि अकरावं (विमानाची रचना आणि सिस्टीम्स) मॉड्यूल बँकेतल्या पन्नासेक प्रश्नांनी सुरू करा. जिथे अडाल तेवढंच नोट्समधून नीट वाचा. गणित, फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल फंडामेंटल्सला ही युक्ती चालत नाही, तिथे कागद-पेन घेऊनच बसावं लागतं. नुकतंच कॉलेज संपवून आला असाल, तर सगळीकडे नोट्सच आधी. बँक शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा आणि सोडवताना तिन्ही पर्याय हाताने झाका. उत्तर आधी स्वतःच्या शब्दांत सांगा, मग हात काढा.