म्युनिकमधील रविवारची मराठी शाळा: एका पालकाचा अभिप्राय

आमची सहा वर्षांची मुलगी दिवसभर जर्मन बोलते आणि घरी आम्ही तिच्याशी केवळ मराठीतच बोलतो. तरीही ‘मला भूक लागली’ऐवजी ती ‘मला भूक आहे’ असे थेट जर्मन वळणाचे वाक्य बोलू लागली, तेव्हा मागील वर्षी आम्ही तिला येथील काही पालकांनी चालवलेल्या मराठी वर्गात घातले.

या वर्गाची खरी ताकद तेथील बाईंच्या शिकवण्यात आहे. मराठीप्रमाणेच जर्मनमध्येही तीन लिंगे असल्यामुळे ही कल्पना मुलांना नवी नसते, पण जर्मनमध्ये कांदा आणि लिंबू दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने आमची लेक ‘ती कांदा’ म्हणत असे. बाईंनी पिशवीतून भाजी काढून टेबलावर मांडली आणि प्रत्येक मुलाकडून ‘तो कांदा, ती मेथी, ते लिंबू’ असे हाताळत म्हणून घेतले. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक, जो जर्मनमधील एकाच सर्वनामात मावून जातो, त्यांनी खेळातून इतका नेमका उलगडला की परवा लेक आजीला फोनवर म्हणाली, “आजी, तू ये, मग आपण बागेत जाऊ.” आजीचा आवाज भरून आला.

उणीव एकच, पण मोठी: पाच आणि अकरा वर्षांची मुले एकत्र बसतात, त्यामुळे लेखनाचा सराव फारच तोकडा पडतो. बाराखडी आम्ही घरीच गिरवून घेतो.