तुळशीबागेतला बिडाचा तवा आणि बिनरव्याचा बांगडा

आधी निकाल सांगून टाकते, तवा घ्या. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, त्यात वजनाचा वाटा मोठा आहे.

नवऱ्याची शुगर बॉर्डरवर आली, डाएटिशियनने भात-पोळी कमी करा आणि प्रोटीन वाढवा म्हणून सांगितलं, आणि आम्ही पडलो मासे खाणारी माणसं त्यामुळे हा म्हणाला की चला बरंय, शिक्षा नाही बक्षीसच आहे. पण मग लक्षात आलं की आपल्याकडे तळलेला मासा म्हणजे रवा किंवा तांदळाचं पीठ आलंच, आणि ते काढलं तर आमच्या घरातल्या नॉनस्टिकवर सुरमई तळली जात नव्हती, वाफवली जात होती. फिकट, ओलसर, मसाला एकीकडे आणि तुकडी दुसरीकडे. सासूबाई तर ताट बघूनच म्हणाल्या, "भाताशिवाय मासो खातत तरी कसे गो?" आणि त्या ताटाकडे बघून मला पण तेच वाटत होतं.

नॉनस्टिकची अडचण अशी की त्याला मोठी आच चालत नाही, कोटिंग २६० अंशांच्या वर गेलं की खराब व्हायला लागतं आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवला तर तो काही मिनिटांतच तिथपर्यंत पोचतो. म्हणून आपण मध्यम आचेवर ठेवतो, मग मासा टाकला की तवा गार पडतो, माशाचं पाणी सुटतं आणि त्याच पाण्यात तो शिजत बसतो. रवा हे पाणी शोषून घ्यायचं काम करत असतो, कुरकुरीतपणा त्याच्यामुळेच येतो. रवा काढायचा असेल तर ते काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवं. ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, करतं. बीड तापायला वेळ घेतं, अगदी सरकारी ऑफिससारखं, पण एकदा तापलं की गार मासा टाकला तरी त्याचं तापमान फार पडत नाही, पाणी सुटतं न सुटतं तोच उडून जातं आणि माशाच्या अंगावरच खरपूस पापुद्रा धरतो.

तवा पुण्याच्या तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानातून घेतला, १० इंचाचा, हजाराच्या आत मिळाला, ऑनलाइन ब्रँडवाले यापेक्षा बरेच महाग होते. तिथे बघून घ्यायचा फायदा म्हणजे हात फिरवून बघता येतं. काही तवे आतून इतके खरखरीत असतात की त्यावर घावन पण चिकटेल मग माशाचं तर विचारूच नका. जेवढा आतून गुळगुळीत तेवढा चांगला. दुसरं, बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, खणखणीत वाजला पाहिजे, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. आणि डोशाचा अगदी सपाट तवा असतो तो माशासाठी घेऊ नका, कडेला इंचभर तरी काठ हवा नाहीतर तेल सगळ्या शेगडीभर उडतं. दुकानात लोखंडी पत्र्याचा तवा पण दाखवतात, तो हलका असतो, चपातीला मस्त आहे, पण या कामाला बिडाचाच.

'प्री-सीझन्ड' (म्हणजे तेलाचा थर आधीच बसवलेला) लिहिलेलं असलं तरी मी घरी आणून तो परत एकदा सीझन केला. धुतला, गॅसवर पूर्ण सुकवला, तेलाचा अगदी पातळ हात दिला, जास्तीचं तेल पुसून टाकलं आणि धूर येईपर्यंत तापवला, गार झाल्यावर परत तेच, असं तीन-चार वेळा. तेल जाड लावलं की चिकट थर बसतो आणि मग तो तवा वर्षभर रडवतो, म्हणून पुसून टाकणं महत्त्वाचं. पहिले काही दिवस त्यावर मासे न करता घावन, कांदा परतणं असलंच करा, तवा रुळतो.

आता मूळ मुद्दा, ऑफिसवरून आल्यावर काय करायचं. आमच्या घरी सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्यात सासूबाई मंगळवार पण धरतात, म्हणजे रविवार सोडला तर उरले बुधवार आणि शुक्रवार, त्यातला बुधवार कायम मीटिंगचा. तर रविवारी मासळी बाजारातून साफ करून, तुकड्या करून आणायच्या, कोळणीला सुरमईच्या तुकड्या अर्ध्या इंचाच्या करून मागायच्या, त्यापेक्षा जाड असल्या तर बाहेरून करपतात आणि मधे हाडाजवळ कच्च्या राहतात. घरी आल्या आल्या फ्रीझरमध्ये, आणि ज्या दिवशी करायच्या त्या दिवशी सकाळी डबा खाली फ्रिजमध्ये काढून ठेवायचा. संध्याकाळपर्यंत बरोब्बर सुटतात.

घरी पोचलं की चपला काढायच्या आधी तवा मध्यम गॅसवर चढवते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल पण जवळपास तसंच. आधी माशाला हळद-मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं, तेवढ्यात कपडे बदलून होतात, मिठाने पाणी सुटलेलं असतं ते टाकून द्यायचं आणि मग तुकड्या किचन टॉवेलने किंवा जुन्या सुती फडक्याने टिपून अगदी कोरड्या करायच्या. ही पायरी कोणी वगळू नका, तवा कितीही भारी असला तरी ओला मासा त्याला चिकटणारच. मग आलं-लसूण, आगळ (कोकमाचा आंबट रस) आणि थोडंसं मालवणी मसाल्याचं वाटण, त्यात एक चमचा तेल. आगळ नसेल तर लिंबू. मसाला पातळ नको, माशाला धरून राहील इतका घट्ट हवा.

रवा नसला की मसाला थेट तव्याला लागतो आणि तिखटाची पूड लगेच काळी पडते, कडवट होते, हे माहीत असलेलं बरं. म्हणून लाल तिखट हात राखून आणि त्याच्या जागी हिरवं वाटण जास्त, म्हणजे कोथिंबीर, मिरची, लसूण, पाणी जवळजवळ न घालता वाटलेलं. चवीला पण मला तेच जास्त आवडायला लागलंय, विशेषतः बांगड्याला. ज्यांना लालच हवा त्यांनी मासा उलटल्यावर वरच्या शिजलेल्या बाजूला मसाला लावावा आणि शेवटी अर्धा मिनिट ती बाजू तव्याला दाखवावी.

तवा पाच-सहा मिनिटं तापला की पाण्याचा थेंब टाकून बघायचा, नुसता चरचर करून बसला तर अजून वेळ आहे, थेंब नाचत पळाला तर तयार. मग तेल, आमच्याकडे खोबरेल, ते हलकं थरथरायला लागलं की मासा आपल्यापासून लांबच्या बाजूला सोडायचा. आणि मग हात लावायचा नाही!! तीन-चार मिनिटं कालथा बाजूला ठेवा, फोन बघा, काहीही करा. खालून पापुद्रा धरला की मासा आपोआप सुटतो, सुटत नसेल तर तो अजून झालेला नाही एवढंच, ओढाताण केलीत तर निम्मी कातडी तव्याची होईल. दुसरी बाजू त्याहून लवकर होते.

बांगडा या तव्यावरचा राजा आहे. दोन्ही बाजूंनी तिरप्या चिरा पाडून अख्खा टाकला की त्याची स्वतःची चरबी सुटते, तेल नावाला लागतं. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण १९-२० ग्रॅम प्रोटीन असतं आणि कार्ब्स शून्य, भाव पण सुरमईच्या मानाने कितीतरी कमी, मग रोजच्या जेवणाला अजून काय पाहिजे. सुरमई आणि हलवा मासा उत्तम होतात. पापलेट पण होतं पण २०२३ साली ते महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झालं आणि भाव पहिल्यापासूनच मंत्र्यांच्या वरचा, त्यामुळे ते पाहुणे आले तरच. बोंबील मात्र या पद्धतीने अजिबात करू नका, त्यात पाणीच इतकं की दाबून ठेवला तरी रव्याशिवाय तव्यावर त्याचा चोथा होतो. बोंबलाला रवा लागतो तो लागतोच, महिन्यातून एकदा खा आणि आनंदाने खा. मांदेली पण बिनरव्याची जरा बिचारीच लागते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा पुण्यात काय करायचं तर उजनी धरणातली चिलापी (तिलापिया). भिगवणला हायवेवर ज्यांनी खाल्ली असेल त्यांना सांगायला नको. काटे आहेत पण कातडी या तव्यावर इतकी कुरकुरीत होते की समुद्रवाल्या माणसांनी पण नाक मुरडू नये (सासूबाईंनी मुरडलं, पण दोन खाल्ल्या).

सोबत काय, हा प्रश्न सगळे विचारतात कारण ताटात भात नसला की ताट रिकामं दिसतं. मासा काढल्यावर तव्यावर जो मसाला आणि तेल राहतं त्यातच लांब चिरलेला कोबी टाकायचा, मोठी आच, मीठ, तीन मिनिटं, संपलं. अर्धा कच्चाच ठेवायचा. खरं सांगू का, मी मासा या कोबीसाठी करते असं म्हटलं तरी चालेल, तव्याच्या तळाचा सगळा लसूण-आगळ-माशाचा अर्क त्याला लागतो. फरसबी, सिमला मिरची पण चालते. बाजूला सोलकढी, नारळाचं दूध पाकिटातलं, त्यात आगळ, लसूण, मिरची, मीठ, पाच मिनिटांचं काम. काकडीची कोशिंबीर केली तर ठीक नाही केली तर काकडी नुसती कापून.

आणि एक, रवा सोडला म्हणजे लो-कार्ब झालं असं समजून खुश होणारी मंडळी आहेत (आमच्याच घरात एक आहे). एका तुकडीला मोठा चमचाभर रवा लागतो, त्यात सात-आठ ग्रॅम कार्ब्स, आणि वाटीभर शिजलेल्या भातात ४० च्या आसपास. म्हणजे खरा फरक भात कमी केल्याने पडतो. रवा सोडण्यात मला जास्त मजा चवीची वाटते, माशाची चव माशासारखी लागते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवणातून भात एकदम काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला, शुगर खाली जाऊ शकते.

आता कापलेला अर्धा स्टार. पहिलं म्हणजे वजन, दोन किलोच्या वर आहे, एका हाताने उचलून सिंकमध्ये न्यायचा म्हणजे मनगटाची परीक्षा, आणि माझ्या तव्याला दोन छोटे कान आहेत ते पण सणसणीत तापतात, जाड कापड कायम हाताशी हवं. दुसरं, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हा तवा द्यायचा नाही हे पक्कं, त्या बिचाऱ्या तारेच्या घासणीने चकचकीत करतात आणि रात्रभर ओला पालथा घालतात, सकाळी केशरी गंज. हा आपणच धुवायचा, कोमट पाणी, ब्रश, चिकटलेलं असेल तर जाडं मीठ. थोडा लिक्विड सोप चालतो, चांगला रुळलेल्या तव्याला काही होत नाही. पण धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचा हात देणं चुकवायचं नाही. गरम तव्यावर गार पाणी तर कधीच ओतू नका, बीड तडकतं. हातातून पडला तरी फुटतो, आणि तुमची फरशी पण फोडतो.

वास राहतो का? राहतो. मासे करून झाल्यावर रिकामा तवा पाच मिनिटं सणकून तापवला की बराच जातो, तरी त्यावर दुसऱ्या दिवशी उपासाचं थालीपीठ लावायचा विचार करू नका. ज्यांच्याकडे वारांचं सोवळं-ओवळं आहे त्यांनी हा तवा माशांचाच ठेवावा, आमच्याकडे वेगळ्या खुंटीला टांगलेला असतो. आगळ-चिंचेचं कालवण पण यात उकळू नका, आंबट पदार्थ जास्त वेळ राहिला की बसवलेला थर निघतो आणि रश्शाला लोखंडाची चव येते. माशाला लावलेल्या एवढ्याशा आगळाने काही होत नाही, आणि कालवणाला आपलं मातीचं भांडं आहेच.

धूर पण होतो, चिमणी किंवा एक्झॉस्ट नसेल तर खिडकी उघडून करा, नाहीतर बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज येतो. इंडक्शनवर चालतो, मी पावसाळ्यात सिलिंडर संपला तेव्हा वापरला, फक्त काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा.

साइजचं म्हणाल तर १० इंचात सुरमईच्या तीन तुकड्या नाहीतर दोन बांगडे मोकळेपणाने बसतात, दोघा-तिघांच्या घराला पुरे. चौघं-पाच जण असाल तर १२ इंचाचा बघा, पण आधी दुकानात उचलून बघा, आणि तुमची शेगडी छोट्या बर्नरची असेल तर तो नकोच, कडा गारच राहतात आणि कडेचा मासा परत वाफेवर येतो. त्यापेक्षा १० इंचातच दोन घाणे काढलेले परवडतात, पहिला घाणा गरमागरम ज्याला जास्त भूक आहे त्याला वाढून टाकायचा.