रीफ टँकचं पाणी गढूळ झालंय: फिल्टर फ्लॉस की यूव्ही?

आधी एक काम करा, रीफ टँकमधलं (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं) पाणी काचेच्या ग्लासात घेऊन रात्रभर तसंच ठेवा. सकाळी तळाशी पांढरा थर बसला असेल तर ती वाळूची धूळ, नाहीतर कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) डोस एकदम पडल्यामुळे तयार झालेला चुना. इथे यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा दिवा, काही कामाचा नाही, धूळ त्या लाइटखालून जाऊन जशीच्या तशी परत येते. फ्लॉस (पाणी गाळायचा कापसासारखा थर) लावा, स्वस्तात काम होतं, फक्त दोन-तीन दिवसांनी बदलायचाच, नाहीतर त्यात अडकलेली घाण कुजून नायट्रेट वाढतं.

पण ग्लासातलं पाणी सकाळीही दुधासारखंच राहिलं तर बहुतेक बॅक्टेरियल ब्लूम, म्हणजे पाण्यात बॅक्टेरिया एकदम वाढलेत, ते बॅक्टेरिया एवढे बारीक असतात की फ्लॉसमधून आरामात निघून जातात. तिथे यूव्हीच घ्या, आणि पंपाचा फ्लो कमी ठेवा म्हणजे पाण्याला लाइट नीट मिळतो. महाग पडतो, बल्बही साधारण वर्षाने बदलावा लागतो, तरी माझ्या मते पैसे वसूल. खडकावरचे चांगले बॅक्टेरिया त्याने मरत नाहीत, ती भीती काढून टाका.

आणि प्लीज, ब्लूम असताना स्किमर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद करू नका, बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात आणि मासे रात्रीतून जातात.