कोबीच्या वाफ्यासाठी चुनखडीची पूड: दोन हंगामांनंतरचे मत

दुपारी माना टाकणारी आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होणारी कोबीची रोपे उपटून पाहिली, तेव्हा तंतुमुळांच्या जागी बोटाएवढ्या जाड, चातीसारख्या गाठी दिसल्या. मातीतल्या सूत्रकृमी या सूक्ष्म किड्यांमुळे येणाऱ्या गाठी मात्र मण्यांसारख्या असतात. हा क्लबरूट, म्हणजे कोबीवर्गीय पिकांची मुळे सुजवणारा रोग होता. मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) 5.8, म्हणजे आम्ल निघाला. आम्ल मातीत हा रोग बळावतो आणि चुना आम्लता कमी करतो, म्हणून ‘अतिबारीक’ असा शिक्का असलेली चुनखडीची पूड आणली.

पूड खरोखरच बारीक आहे. चिमटीत चोळली तर खर लागत नाही आणि व्हिनेगरचा थेंब पडताच ती फसफसते. या रोगाचे पोहणारे बीजाणू मातीतल्या ओलीतून मूलरोमांत, म्हणजे मुळांवरच्या केसांत शिरतात, त्यामुळे मुळांभोवतीची माती सगळीकडे सारखी बदलावी लागते. भरड खड्यांनी ते साधत नाही. पहिल्या हंगामात मी पूड खुरप्याने वरच्यावर कालवली, ही चूक सर्वस्वी माझी. हातभर अंतरावर एका जागी सामू 7.4, तर दुसऱ्या जागी 6.3 आला आणि गाठी नेमक्या त्या दुसऱ्या जागच्या रोपांना धरल्या. पुढच्या खेपेस लागवडीच्या सहा आठवडे आधी, माती कोरडी असताना, वीतभर खोलीपर्यंत दोनदा उलथापालथ करून पूड मिसळली. सामू सर्वत्र 7.2 च्या आसपास स्थिरावला आणि गाठी तुरळकच राहिल्या. अर्थात श्रेय एकट्या पुडीचे नाही, कारण त्या हंगामात माती आम्ल करणारे अमोनियम सल्फेट बंद करून मी कॅल्शियम नायट्रेट वापरले होते, आणि कॅल्शियम स्वतःही संसर्गाला आडवे येते.

तक्रार आहे ती पिशवीवरच्या मजकुराबद्दल. ‘जमीन रोगमुक्त होते’ हा दावा चुकीचा आहे. सुप्त बीजाणू मातीत दहा-पंधरा वर्षेही टिकतात, चुना त्यांना मारत नाही, फक्त संसर्गाची वाट अवघड करतो. पूड साध्या चुनखडीची की मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइटची, याचाही उल्लेख नाही. त्याहून खटकले ते बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याबद्दलचे मौन. सामू चढला की पिकाला बोरॉन कमी मिळते, आणि माझ्या फ्लॉवरचे दांडे आतून पोकळ व गड्डे तपकिरी निघाले तेव्हा ते ध्यानात आले.

पूड पुन्हा घेईन, मात्र माती तपासून आणि बोरॉनची सोय करून. त्या वाफ्यात बटाटा तूर्त लावणार नाही. चढ्या सामूत त्याच्या सालीवर खरबरीत खपल्या आणणारा रोग बळावतो.