मॉरिस मायनर कन्व्हर्टिबलचं तयार हूड किट: बडोद्यात बसवायचं असेल तर

मॉरिस मायनर टूररचं (म्हणजे कन्व्हर्टिबलचं) हूड किट, म्हणजे घडी होणारं तयार कापडी छत, इंग्लंडहून मागवावं, की इथल्या सीट कव्हरवाल्याकडून छत शिवून घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: शिवलेलं कापड बाहेरून घ्या, लाकूड, पट्ट्या आणि बसवणं बडोद्यातच करा. किटला पाचपैकी चार. एक गुण कापला तो बसवण्याच्या सूचना अपुऱ्या असतात म्हणून.

कापडाचे तीन प्रकार मिळतात. व्हिनाइल सर्वांत स्वस्त आणि पुसायला सोपं, पण आपल्या उन्हात आधी कडक होतं, मग घडीवर तडकतं. डबल डक म्हणजे सुती कापडाचे दोन थर आणि मध्ये रबर. ते छान ताणलं जातं, दिसतंही जुन्या वळणाचं. मोहेअर महाग. नाव बकरीच्या लोकरीचं असलं तरी आता वरचा थर ॲक्रिलिकचा, मध्ये रबर, आत सुती अस्तर. रंग टिकण्यात त्याला तोड नाही. गाडी वर्षभर वापरायची असेल तर मोहेअरच घ्या. लक्ष्मी विलास पॅलेसवर जानेवारी २०२३ मध्ये झाली तशा जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत उतरवायची असेल, तर कापड आणि रंग गाडीच्या सालाशी जुळवून ठरवा.

मागवण्यापूर्वी चॅसिस नंबर वाचा. मायनर १००० मध्ये 'एमएटी'ने सुरू होणारा नंबर टूररचा. 'एमए२एस' म्हणजे दोन दारांची सलून (पक्क्या छपराची गाडी), मागाहून छप्पर कापलेली. अशा गाडीत डॅशखालची आणि सिलमधली (दारांखालच्या पत्र्याच्या लांब पेटीतली) जादा मजबुती बहुधा नसते, आणि तिच्यावर किट नीट बसेल याचा भरवसा नाही. १९५१ पूर्वीच्या गाड्यांना मागे काढते पडदे होते, नंतर काचा आल्या. दोघांचं हूड वेगळं.

सर्वांत मोठी चूक इथेच होते: बॉडी दुरुस्त होण्याआधी हूड बसवलं जातं. मायनरला खाली वेगळी चॅसिसची चौकट नाही आणि टूररला छप्पर नाही, म्हणजे सगळा भार सिलवर. सिल गंजली की गाडी मध्ये खचते, आणि खचली की वरच्या बाजूला पुढची काच आणि मागची बॉडी एकमेकांकडे झुकतात. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर हेच झालंय. अशा गाडीवर हूड झकास बसतं! पुढे सिल बदलून गाडी सरळ केली की तेच हूड आखूड पडतं, पुढच्या काचेच्या चौकटीला हूड अडकवणारे क्लॅम्प लागतच नाहीत. म्हणून आधी सिल. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत १.२ मिमी पत्रा वाकवून मिळतो. जुनी सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडवा चौकोनी पाइप वेल्ड करा, गाडीचं वजन सस्पेन्शनवर राहू द्या, आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही दारं सहज लागली, फटी वर-खाली सारख्या आल्या, मगच हूडकडे वळा.

हूडच्या लोखंडी सांगाड्याच्या सांध्यांतले रिव्हेट झिजलेले असतील तर बदला, नाहीतर कमानी डुलतात. कमानींमधलं अंतर वेबिंगच्या (जाड विणलेल्या कापडी) पट्ट्या ठरवतात. जुन्या पट्ट्या काढण्याआधी ते मोजून लिहून ठेवा. बऱ्याच किटमध्ये पट्ट्या नसतात. पुढच्या काचेवर टेकणारी हूडची लाकडी पट्टी कुजलेली निघणार, हे धरूनच चाला. एकाच फळीतून वाकडी कापलेली पट्टी टोकांना लाकडाच्या रेषेवर तुटते. ६ मिमी मरीन प्लायचे तीन थर चिकटवून केलेली टिकते. सागवान वापरलं तर ते तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनने पुसा.

व्हिनाइल भर मे महिन्यात बसवू नका. ४२ अंशांत ते सैल होतं, तसंच ताणून ठोकलं तर जानेवारीत आकसून क्लॅम्प लागत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, २२ ते २५ अंशांत, सावलीत. कापडाचा आणि गाडीचा मध्यबिंदू खडूने आखून मागची कड मध्यापासून दोन्हीकडे ठोकत न्या. सांगाडा उभा करून क्लॅम्प लावा, कापड हाताने पुढे ओढा आणि लाकडी पट्टीच्या कडेशी खडूची रेघ मारा. आता क्लॅम्प सोडून ती रेघ १० ते १२ मिमी पुढे ओढा आणि चार-पाच तात्पुरते स्टेपल मारा. लावून बघा, सुरकुती कोपऱ्यात असेल तर कोपराच सोडा, मध्याला हात लावू नका. स्टेपल स्टेनलेसचेच हवेत. लोखंडी स्टेपल-खिळ्यांचा गंज पहिल्याच पावसाळ्यात कापडावर उतरतो. चिकटवायला लाकडाचं फेविकॉल चालत नाही. एसआर ९९८ सारखं रबरी चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. टिचबटणं सगळ्यात शेवटी.

इथे शिवायचंच असेल तर बाँडेड पॉलिएस्टर दोरा मागा. सुती दोरा ओला झाल्यावर फुगून भोकं बुजवतो खरा, पण दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. पॉलिएस्टरच्या शिवणीवर आतून सीम सीलर लावावाच लागतो.

ओलं हूड कधी घडी करू नका, अस्तराला बुरशी धरते. मागची प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने पुसली की चरे पडतात. आधी पाणी ओता, मग मऊ फडकं, आणि घडी करताना मध्ये जुनी चादर ठेवा.