मेगास्क्वर्ट-३ वर टर्बो इंजिन ट्यून करताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोक्सवॅगनचं १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हवालं इंजिन दुसऱ्याच गाडीत बसवलं आणि त्यावर मेगास्क्वर्ट-३ हा स्वतः ट्यून करायचा ईसीयू (इंधन आणि ठिणगी सांभाळणारा इंजिनाचा संगणक) लावला, सोबत त्याला जोडायचा एमएस३एक्स बोर्ड. मूळ ईसीयू ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याला इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), मीटर, जुन्या गाडीची सगळी मंडळी हजर लागतात. एक जरी गायब असलं की रुसून बसतो. आता काही महिने गाडी वापरात आहे, म्हणून लिहितोय.

बॉक्सबद्दल माझी तक्रार नाही. पण हा घेणाऱ्या बहुतेकांना वाटतं की ट्यूनिंग म्हणजे इंधनाच्या १६ गुणिले १६ टेबलातले (एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार) २५६ चौकोन भरणं. ते काम शेवटचं आहे आणि सोपंही. खरा वेळ जातो टेबलामागच्या आकड्यांत. ते खोटे असले तर टेबल कितीही घासा, गाडी दुपारी झकास चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नखरे करते.

सुरुवात क्रँक सेन्सरपासून, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा कुठं फिरलाय ते सांगणाऱ्या सेन्सरपासून. या इंजिनाच्या क्रँकवर ६०-२ चाक असतं, म्हणजे साठ दातांच्या जागा आणि त्यातले दोन दात गाळलेले. सेन्सर व्हीआर जातीचा आहे, म्हणजे दोन तारांवर खालीवर होणारी लाट. तारा उलट जोडल्या तरी कित्येकदा गाडी चालू होते, आणि घोळ तिथंच होतो. उलट जोडणीत ईसीयू लाटेची चुकीची बाजू पकडतो आणि आरपीएम वाढला की ठिणगीची वेळ सरकायला लागते. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर कुलूपबंद करा, टायमिंग लाइट पुलीवर धरा, आधी आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) बघा आणि मग ४००० पर्यंत रेस द्या. खूण जागेवर स्थिर राहिली पाहिजे. ४००० आरपीएमला एक अंश म्हणजे जेमतेम ४२ मायक्रोसेकंद, त्यामुळे किंचित सरकली तर सॉफ्टवेअरमधल्या विलंबाच्या आकड्यानं जमवता येते. भरपूर सरकली तर तारा तपासा. हे झाल्याशिवाय बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या वाढीव दाबाचं, नाव काढू नका. स्क्रीनवर १८ अंश दिसतात आणि इंजिनात २३ पडतात, ही स्थिती टर्बोवर पिस्टन घालवणारी आहे.

आता इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारे व्हॉल्व्ह. माझे इंजेक्टर मूळचे नाहीत, मोठे आहेत. विकणाऱ्यानं दिलेल्या कागदावर डेड टाइमचा एकच आकडा होता, १ मिलीसेकंद. किती व्होल्टला, ते कुठंच नाही. डेड टाइम म्हणजे वीज पोचल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत फुकट जाणारा वेळ, आणि तो व्होल्टेजवर अवलंबून असतो. त्या कागदावर टाकलेला भरवसा लॉगमध्ये (ईसीयूच्या आकड्यांच्या नोंदीत) कसा उघडा पडला ते सांगतो. गरम इंजिन, आयडल, लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे संतुलित, त्याहून जास्त म्हणजे इंधन कमी) १.०० वर शांत. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, व्होल्टेज १४.१ वरून १३.० वर उतरलं आणि लॅम्बडा १.०९ वर गेला. पंखा बंद, परत १.००. हवा तीच, थ्रॉटल तोच, टेबलातला चौकोनही तोच.

हिशोब साधा आहे. आयडलला एकूण पल्स (इंजेक्टरला वीज मिळते तो वेळ) २.२ मिलीसेकंद, त्यातला १ मिलीसेकंद डेड टाइम, म्हणजे कामाचं इंधन १.२ मिलीसेकंदात. दर व्होल्टमागं डेड टाइम ०.१ मिलीसेकंदानं जरी वाढला तरी आयडलला आठ-नऊ टक्के इंधन कमी पडतं. तीच चूक फुल बूस्टला, १२ मिलीसेकंदांच्या पल्सवर, एक टक्कासुद्धा नाही. म्हणून बूस्टमध्ये सगळं छान दिसतं आणि सिग्नलला उभी असलेली गाडी गचके खाते. आणि गंमत म्हणजे ऑटोट्यूननं (टेबल आपोआप दुरुस्त करणाऱ्या सोयीनं) आयडलच्या आसपासच्या चार चौकोनांचा एक छोटा डोंगर करून ठेवला होता. शेजारचे चौकोन पंचेचाळीसच्या घरात, हे साठच्या. इंजिनाची हवा ओढायची क्षमता अशी एका पायरीवर उडी मारत नाही. व्होल्टेजची दुरुस्ती नीट बसवली आणि तो डोंगर आपोआप बसला.

तेव्हापासून माझा नियम झाला आहे की टेबलात खड्डा किंवा टेंगूळ दिसलं की आधी टेबलाला हात लावायचा नाही. ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरचा पैसे भरून मिळणारा ऑटोट्यून खरोखर उत्तम आहे. एक्झॉस्टमधला वायू वाइडबँडपर्यंत (लॅम्बडा मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) पोचायला लागणारा वेळसुद्धा तो धरतो. पण त्याला कारण कळत नाही. लॅम्बडा चुकला की तो चौकोन बदलतो, दुसरं काही त्याला येत नाही.

इनटेकच्या तापमानाचंही असंच. सेन्सर मॅनिफोल्डमध्ये असेल तर गाडी गरम बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारा, तो ६० अंश दाखवतो. आत येणारी हवा तितकी गरम नसते, तापलेला असतो सेन्सर आणि त्याच्या भोवतीचा ॲल्युमिनियम. ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे, तो इंधन कापतो, आणि गाडी पहिले दोन मिनिट मिस मारते. सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपात हलवला, वर दुरुस्तीचा वक्र थोडा सपाट केला. बरंच सुधारलं, पूर्ण नाही.

एएफआर (हवा आणि इंधनाच्या वजनाचं गुणोत्तर) सोडा, लॅम्बडा वापरा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं संतुलन १४.७ वर नसतं. १० टक्के मिश्रणाला ते १४.१ च्या आसपास येतं, मीटर मात्र १४.७ चंच दाखवत राहतो. लॅम्बडात १ म्हणजे १, इंधन कुठलंही असो. माझं लक्ष्य क्रूझला १.००, बूस्टमध्ये ०.७८ ते ०.८०. आणि वाइडबँड एक्झॉस्टमध्ये वीज न देता सोडून गाडी फिरवू नका, काजळी धरून सेन्सर मरतो.

इग्निशनमध्ये मी मुद्दाम मागे आहे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो. बूस्टमध्ये पेट्रोल इंजिन बहुधा नॉकच्या (इंधन अवेळी भडकण्याच्या) भिंतीलाच आधी आपटतं, त्यामुळे सगळ्यात जास्त टॉर्क देणारा टायमिंग रस्त्यावर शोधणं हा वेडेपणा आहे. ते डायनोवरचं (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं) काम. नॉक सेन्सर ईसीयूला जोडलाय. ८१ मिमी बोअरला नॉकचा आवाज साधारण ७ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, फिल्टर तिथं लावला. तरी त्याच्यावर आंधळा विश्वास नाही, कारण व्हॉल्व्हट्रेनचा खडखडाट त्याला कधीकधी नॉकच वाटतो. ब्लॉकला चेपटलेली तांब्याची नळी, तिला रबरी पाइप, पुढं इअरमफ, असं जुनं ऐकायचं साधन करून घेतलं. त्यातून नॉक ऐकलेला कान सेन्सरच्या आलेखाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. आणि लॅपटॉप बघत गाडी चालवू नका. रस्ता बंद असलेल्या जागी एकानं चालवायची, दुसऱ्यानं स्क्रीन बघायची; नाहीतर लॉग करून घरी वाचायचा.

बूस्ट सध्या वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवरच आहे, ईसीयूकडून बूस्ट सांभाळणारा सोलेनॉइड जोडलेला पण बंद. प्रेशर ठरलेल्या मर्यादेवर गेलं की इंधन कापायची सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवली आहे आणि वेस्टगेटची नळी मुद्दाम उपटून, हलक्या पायानं, ती तपासूनही घेतली.

अजून कोल्ड स्टार्टचं (थंड इंजिन चालू करण्याचं) ट्यूनिंग पूर्ण झालेलं नाही. इथं घाई चालत नाही, कारण पूर्ण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एक आकडा बदलायचा, सेल्फ मारायचा, लॉग ठेवायचा, आणि पुढचा प्रयत्न उद्या. एकाच वेळी क्रँकिंग पल्स (सेल्फ मारतानाचं इंधन) आणि वॉर्मअप (गरम होईपर्यंतचं जादा इंधन) दोन्ही बदलले तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही. ५ अंशांच्या सकाळी गाडी आता पहिल्या प्रयत्नात पेटते, पण अर्ध्या मिनिटानं आयडल ७०० पर्यंत ढासळतं आणि मग सावरतं. संशय वॉर्मअपच्या वक्रावर नाही, आयडल व्हॉल्व्हच्या ड्यूटीवर (तो किती उघडा राहतो त्यावर) आहे. थंडी आहे तोवर ते बघून घेईन, बूस्टचा सोलेनॉइड त्यानंतर.