अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधायचं ॲप, दोन महिने वापरून सांगतो

उन्हाळ्यात लातुरात दुपारी बाहेर निघायची सोय नसते म्हणून लेकरांसाठी स्क्रॅबल आणलं (अक्षरांच्या सोंगट्या जोडून इंग्रजी शब्द करायचा खेळ), पण हातात सात अक्षरं घेऊन सगळे नुसते बघत बसायचे, मग फोनवर हे ॲप घेतलं. आपण अक्षरं टाकायची, त्यातून होणारे शब्द ते दाखवतं. पोरीनं एल आय एस टी ई एन टाकलं तर लिसन आलंच पण सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल पण आले, तीच सहा अक्षरं! अर्धा तास वहीत लिहीत बसली, मला लई भारी वाटलं.

यात दोन प्रकार हायत ते नीट बघा. एक फक्त दिलेल्या अक्षरांचे शब्द आन दुसरा ती अक्षरं ज्यात कुठंतरी येतात असे, दुसरा शब्दकोड्याला कामाचा, स्क्रॅबलला पहिलाच लावा. कोरी सोंगटी कुठलंही अक्षर म्हणून चालते, तिच्या जागी ॲपात प्रश्नचिन्ह टाकायचं. क्यू आलं आन यू नसलं की आमचं डोकंच चालायचं नाही, तर क्यू आय हा दोनच अक्षरांचा शब्द चालतो म्हणे, उच्चार ची, चिनीतून आलेला, आन एकट्या क्यूचे 10 गुण!

खटकलं ते हे की अर्थच देत नाही. नुसते शब्द पाठ करून लेकरांना काय उपयोग? आम्ही शेजारी डिक्शनरी ठेवायलोत. जाहिराती पण लई.

डाव चालू असताना मी बघू देत नाही, संपल्यावरच. परवा सातही अक्षरं लावून 50 जादा गुण मिळाले असते ते असंच नंतर कळालं, पोरगं लई हळहळलं. चार स्टार.